आरोग्य-माहितीचे तज्ज्ञ येतात कुठून?

आजचा विषय जरा कोरडा वाटेल, म्हणून एका पत्रिकेपासून सुरुवात करतो. आरोग्य आणि माहिती तंत्रज्ञान या विषयावर आजकाल बऱ्याच परिषदा होतात, कार्यशाळा होतात. त्यांच्या पत्रिका आमच्याकडे येतात. शेवटच्या पानावर वक्त्यांचे फोटो असतात आणि प्रत्येकाखाली चार ओळींचा परिचय. आम्ही गेली काही वर्षं या चार ओळी फार मन लावून वाचतो आहोत. भाषणं विसरायला होतात, परिचय लक्षात राहतात. कारण 'तज्ज्ञ' म्हणून कुणाला बसवायचं हे त्या चार ओळींत ठरलेलं असतं, आणि ते ठरलं की पुढं कुठला रकाना फॉर्मात येणार आणि कुठला गळणार, हेही जवळजवळ ठरतं.

या परिचयांत तीन प्रकारची माणसं सापडतात. एक इंजिनियर, दुसरे डॉक्टर, तिसरे प्रशासक. चौथा प्रकार आम्ही शोधतोय, त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी प्रशासक बघू, कारण आपल्या देशात या क्षेत्राची दिशा मुख्यतः त्यांनी ठरवली. २०१९ साली 'नॅशनल डिजिटल हेल्थ ब्लूप्रिंट' नावाचा आराखडा तयार झाला. समितीचे अध्यक्ष होते जे. सत्यनारायण. सनदी अधिकारी, केंद्रात माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव राहिलेले, आधार प्राधिकरणाचे अध्यक्ष राहिलेले. आयुष्मान भारतचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी इंदू भूषण. सनदी सेवेतून आले, अर्थशास्त्रात पीएचडी जॉन्स हॉपकिन्सची. त्यांच्यानंतर २०२१ मध्ये आले आर. एस. शर्मा. आयआयटी कानपूरला गणित, पुढं अमेरिकेत संगणकशास्त्र, आणि आधारची पहिली बांधणी त्यांच्या हाताखाली झालेली. मोठी माणसं आहेत, त्यात शंका नाही. एवढ्या मोठ्या देशात लसीकरणाची नोंद मोबाइलवर उभी करणं हे खायचं काम नव्हतं.

पण परिचय नीट वाचा. यातले दोघं आधारच्या वाटेनं आलेत. आणि माणूस जिथून येतो तिथला प्रश्न घेऊन येतो. आधारचा प्रश्न काय होता? 'हा माणूस तोच आहे का?' २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, तेव्हा लोकांपर्यंत सगळ्यात आधी काय पोचलं? चौदा आकडी आभा क्रमांक. म्हणजे परत ओळख. ओळख लागतेच हो, आम्ही नाही म्हणत नाही. पण दवाखान्यातला पहिला प्रश्न 'तू कोण' हा नसतो. 'काय होतंय' हा असतो. क्रमांक पटकन निघाले आणि त्यांच्यामागचा केसपेपर मात्र बऱ्याच ठिकाणी अजून कागदावरच आहे, यात आम्हाला नवल वाटत नाही.

जगात हे कसं झालं ते थोडक्यात सांगतो, कारण 'तिकडं सगळं इंजिनियरांनी केलं' असा एक समज आहे. मॉरिस कोलेन हे अमेरिकेतले या विषयाचे एक आद्य पुरुष. त्यांनी आधी इलेक्ट्रिकल इंजिनियरिंग केलं आणि मग वैद्यक शिकले. दोन्ही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १९६०च्या दशकात मम्प्स नावाची संगणकभाषा तयार झाली (गालगुंडाचं इंग्रजी नाव तेच, पण हा योगायोग). त्या प्रयोगशाळेचे प्रमुख ऑक्टो बार्नेट हे हृदयरोगाचे डॉक्टर आणि त्यांच्यासोबतचे नील पाप्पालार्डो हे इंजिनियर. डॉक्टर आणि इंजिनियर एकाच छताखाली, आणि ते छतही रुग्णालयाचंच. आणखी मागं जायचं तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल. सगळ्या रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी हा आग्रह त्यांनी एकोणिसाव्या शतकात धरला होता. व्यवसायानं काय होत्या? परिचारिका. आजच्या पत्रिकेत त्यांना बहुधा स्वागत समितीत घेतलं असतं.

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ. संगणकाच्या कितीतरी आधी या जिल्ह्यात आरोग्य-माहितीची एक व्यवस्था उभी राहिली होती आणि ती पुढं देशानं घेतली. इथल्या नव्या पिढीला हे माहीत नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९५१ मध्ये वर्ध्याला गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं. डॉ. वारदेकर हे त्याच्या सुरुवातीच्या काळातलं मुख्य नाव. तोवर कुष्ठरोगाचं काम म्हणजे आश्रम, वसाहत. रोगी आला तर त्याची सेवा. दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ पासून ते काम मोठ्या निष्ठेनं चालवलं होतंच. फाउंडेशननं वेगळी दिशा धरली: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. हा क्रम महत्त्वाचा आहे. घरोघर जायचं, प्रत्येक माणसाला तपासायचं, चट्टा सापडला तर त्याची नोंद करायची, समजावून सांगायचं आणि उपचार घरी ठेवूनच द्यायचे. राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू झाला, त्यानं हीच पद्धत उचलली. पुढं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बहुऔषधोपचार देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत आला त्यांतही वर्धा होता. तो उपचार ठरावीक मुदतीचा. कुणी किती महिने गोळ्या घेतल्या हे कार्डावर नसेल तर उपचार पुरा झाला की नाही हे कळायचं कसं? तिथं नोंद म्हणजे अर्धा उपचारच.

ही कार्डं भरली कुणी? पॅरामेडिकल कार्यकर्त्यांनी. गावोगाव सायकलवर आणि पायी फिरणारी माणसं. आता विचार करा. ज्या रोगाचं नाव घरात उच्चारत नाहीत, सोयरीक मोडेल म्हणून लपवतात, त्या घरात जाऊन 'सदरा काढा, पाठ बघू द्या' म्हणायचं. घरच्यांनी आत घेतलं तर कार्ड भरणार, नाही घेतलं तर कार्ड कोरं. म्हणजे माहिती बरोबर येते की नाही हे कार्डाच्या नमुन्यावर जितकं अवलंबून, त्याहून जास्त दारात उभ्या असलेल्या माणसावर. नमुना ठरवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, कारण तेही त्याच गावांत हिंडत होते. आज त्या कामाला आपण 'फील्ड डेटा कलेक्शन' म्हणतो. ते करणाऱ्याचा फोटो पत्रिकेत येत नाही.

सेवाग्रामचंही तसंच. सुशीला नायर यांचा परिचय बघा: डॉक्टर, वर जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, १९६२ ते ६७ केंद्रात आरोग्यमंत्री. आजच्या भाषेत डॉक्टरही आणि प्रशासकही. त्यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली आणि तिथं एक रीत पडली: विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीनं एक गाव घ्यायचं, मुलांनी तिथं राहायचं, कुटुंबं वाटून घ्यायची, त्यांची माहिती लिहायची. अठरा-एकोणीस वर्षांचं पोर औषधाचं नाव शिकायच्या आधी 'घरात माणसं किती, विहीर कुठली, संडास आहे का' हे विचारायला शिकतं. काही मुलं हे उरकून टाकतात, आम्हाला माहीत आहे. पण फॉर्म भरताना समोरचा माणूस खोटं कधी आणि का सांगतो, हे त्या पंधरा दिवसांत ज्याला कळलं तो पुढं जन्मभर आकड्यांकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

याच संस्थेच्या कस्तुरबा रुग्णालयात पुढं संगणकीय रुग्णालय-माहिती प्रणाली आली, सीडॅकच्या नोएडा केंद्राच्या मदतीनं. डॉ. एस. पी. कलंत्री हे मेडिसिनचे प्राध्यापक आणि कैक वर्षं त्या रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक. रुग्ण तपासणारा आणि कारभार बघणारा माणूस एकच. आमच्या मते ही जोडणी महत्त्वाची असते. प्रणालीतली चूक त्या माणसाला अहवालात वाचावी लागत नाही, राउंडला त्याच्यासमोरच येते. मोठ्या शहरांत बऱ्याच ठिकाणी प्रणाली आली आणि दोन वर्षांत धूळ खात पडली. तिथं ती विकत घेणारा, बनवणारा आणि वापरणारा असे तिघं तीन इमारतींत बसलेले असतात.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, 'मग सोपं आहे, डॉक्टरांना बसवा म्हणजे झालं.' नाही. आमची तक्रार डॉक्टरांवरही आहे, आणि ती एका उदाहरणानं सांगतो.

कापसाचा पट्टा आपला. पावसाळा सरता सरता फवारणी जोरात असते. कीटकनाशकाच्या विषबाधेचे पेशंट कॅज्युअल्टीत येतात. काहींनी औषध प्यायलेलं असतं. काहींच्या फवारताना अंगावर उडालेलं असतं, नाकातोंडात गेलेलं असतं. डॉक्टर दोघांच्याही केसपेपरवर एकच लिहितात: 'ओपी पॉयझनिंग.' त्यांचं चूक नाही. दोघांच्याही बाहुल्या बारीक, दोघांनाही लाळ, दोघांनाही अॅट्रोपिन. जीव वाचवायला तेवढं पुरतं. रात्री दोन वाजता याहून जास्त लिहायला कोण बसणार?

पण त्या कुटुंबाला हे दोन शब्द पुरत नाहीत. फवारणीत माणूस गेला तर तो कामावरचा अपघात. प्यायला असेल तर आत्महत्येचं प्रकरण, मग समिती, मग पात्र की अपात्र. मजूर असेल तर प्रश्न आणखी वेगळा: फवारणी कुणाच्या शेतात, मास्क-हातमोजे दिले होते का? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात आली. त्या वेळी सगळ्यांना हवा होता तो आकडा हाच: फवारताना किती?

आणि गंमत बघा, कोडच्या पुस्तकात यासाठी जागा आहे! आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत कीटकनाशकाच्या विषबाधेला टी-६० हा कोड. त्याच्यासोबत कारणाचा दुसरा कोड द्यायचा असतो: अपघातानं असेल तर एक्स-४८, स्वतः घेतलं असेल तर एक्स-६८, आणि कळत नसेल तर वाय-१८. तीन वाटा, अगदी व्यवस्थित. इंजिनियर म्हणतो, 'आमच्या प्रणालीत सगळे कोड आहेत.' खरं आहे. फक्त पडद्यावर दुसरा कोड भरायची सक्ती नाही, आणि ज्याची सक्ती नाही ते रात्री दोनला कुणी भरत नाही. प्रशासक म्हणतो, 'विषबाधेचे एकूण आकडे दर महिन्याला येतात.' तेही खरं. डॉक्टर म्हणतो, 'उपचारात फरक नाही.' तिघंही खरं बोलतात, आणि तरी आकडा हरवतो.

एका रुग्णालयात, नाव घेत नाही, आम्ही जुन्या नोंदी चाळायला बसलो होतो. संगणकातून यादी काढली, तर नुसतं ओपी पॉयझनिंग, ओपी पॉयझनिंग. फवारणीचे किती, कळायला मार्ग नाही. तेवढ्यात रेकॉर्ड रूममधल्या बाबूंनी कपाटावरून एक लांबडी वही काढली. संगणक यायच्या आधी कॅज्युअल्टीच्या सिस्टर ती ठेवायच्या. तारीख, नाव, गाव, आणि शेवटी हातानं रेघ मारून पाडलेला एक रकाना. त्यात फक्त तीनपैकी एक शब्द: 'प्यायला', 'फवारणी', 'सांगत नाही'. कुणी सांगितलं नव्हतं. एक्स-४८ त्या बाईंनी कधी ऐकला नसेल. पण नातेवाईक हात धरून विनवतात, पोलीस येऊन विचारतात, दहा दिवसांनी कुणी दाखला मागायला येतं, हे सगळं त्यांच्या टेबलापाशी होत होतं. म्हणून रकाना पाडला. संगणक आला आणि वही बंद झाली, कारण 'डबल एंट्री नको'. प्रणाली ठरवायच्या बैठकीला सिस्टरांना बोलावलं होतं का, असं आम्ही विचारलं. उत्तर आलं, 'त्यांना ट्रेनिंग दिलं ना.'

या उत्तरावर आम्ही बराच काळ विचार करतो आहोत. ट्रेनिंग म्हणजे वरून खाली. ज्यांच्याकडून शिकायचं, त्यांनाच शिकवलं.

याच्या उलट करून दाखवणारा माणूस आपल्या भागातलाच आहे. डॉ. अभय बंग वर्ध्याचे, सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले, मग नागपूर, मग जॉन्स हॉपकिन्स, आणि पुढं गडचिरोलीत सर्च. म्हणजे पत्रिकेत शोभेल असा परिचय. पण आम्हाला त्यांचं एक छोटं यंत्र जास्त बोलकं वाटतं. लहान मुलाला निमोनिया आहे का हे मिनिटातल्या श्वासांवरून ओळखता येतं. प्रश्न असा, की गावातल्या सुईणीला पन्नास-साठपर्यंत मोजता येत नाही. मोठ्या संस्थेनं काय केलं असतं? 'साक्षर कार्यकर्त्या नेमा.' डॉ. राणी आणि अभय बंगांनी मण्यांची एक पाटी केली आणि सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर निमोनिया. बाई मोजते दहापर्यंतच, बाकीचं मणी मोजतात. आमच्या लेखी हे आरोग्य माहिती तंत्रज्ञानच आहे, आणि वीज लागत नाही. हे सुचायला जॉन्स हॉपकिन्स उपयोगी पडलं असेल, पण सुईणीला दहापर्यंत मोजता येतं हे तिच्याजवळ बसल्याशिवाय कळत नाही.

त्याच कामातून पुढं 'कोवळी पानगळ' हा २००१ चा अहवाल आला. सरकारी नोंदीत बालमृत्यू जितके दिसतात त्याहून प्रत्यक्षात बरेच जास्त होतात, हे त्यानं दाखवलं. गावात राहणाऱ्या माणसांनी जन्म आणि मृत्यू लिहून ठेवले होते म्हणून दाखवता आलं. सरकारकडे यंत्रणा होती, तक्ते होते, दर महिन्याचा अहवाल होता. मूल गेल्याचं लिहून वरून बोलणी खाण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, हे खालच्या कर्मचाऱ्याला पाठ असतं. ज्यानं कधी खालून वर अहवाल पाठवला नाही, त्याला हे कुठल्याच डॅशबोर्डवर दिसणार नाही.

आणखी एक सांगतो, साधंच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगी लग्न होऊन देवळी तालुक्यात गेली, नोंद तिथं झाली. सातव्या महिन्यात माहेरी आली आर्वीकडे. इथल्या नर्सबाई तिला तपासतात, पण ती 'यांच्या' यादीत नाही. तिकडच्या यादीत ती आहे, पण गावात नाही. नाव? माहेरी लोक तिला जुन्या नावानं ओळखतात, आधारवर अजून वडिलांचं नाव, सासरच्या कार्डावर नवऱ्याचं. एकाच पोटातलं एकच मूल दोन ठिकाणी मोजलं जाऊ शकतं, किंवा दोन्हीकडून सुटू शकतं. एक गाव, एक पत्ता असं धरून बांधलेल्या प्रणालीला माहेर नावाची गोष्टच ठाऊक नसते. कुठल्याही नर्सबाईंना विचारा, आशाताईंना विचारा, त्या चहा गार व्हायच्या आत सांगतील. विचारत कोण नाही, एवढंच.

इंजिनियरांविषयी आम्ही फार बोललो नाही, कारण त्यांच्यावर टीका करणं सोपं आहे आणि बरेचदा अन्याय्यही. देशातल्या आरोग्य-नोंदींची मानकं २०१३ ला आली, २०१६ ला सुधारली. सीडॅक पुण्याच्या मंडळींनी त्या मानकांचं किचकट काम केलं आहे. सीडॅक उभं करणारे विजय भटकर आपल्याच विदर्भातले, मूर्तिजापूरकडचे, नागपूरला इंजिनियरिंग शिकलेले. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयासाठी थॉटवर्क्स कंपनीच्या प्रोग्रामरांनी बनवलेली प्रणाली पुढं इतर देशांत गेली. इंजिनियरला बसवा कॅज्युअल्टीत आठ दिवस, तो शिकतो, आणि बहुतेकदा डॉक्टरपेक्षा लवकर शिकतो. कारण त्याला 'मला माहीत नाही' म्हणायची लाज वाटत नाही.

आता चौथा प्रकार, ज्याला आम्ही शोधतोय म्हणालो होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात एका कोपऱ्यात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर बसतो. अकरा महिन्यांची ऑर्डर. नर्सबाईंची वही वाचून तो पोर्टलवर भरतो. पोर्टल एखादा रकाना रिकामा सोडू देत नाही तेव्हा तिथं काय टाकायचं हे तोच ठरवतो. वजन लिहिलेलं नसेल तर अडीच किलो टाकायचं की फोन करून विचारायचं? देशाच्या आकडेवारीत जे जातं त्यातलं पुष्कळसं या माणसाच्या सद्सद्विवेकबुद्धीवर उभं आहे, आणि ऑर्डर संपली की तो मोबाइलच्या दुकानात लागतो. रेकॉर्ड रूममधल्या बाबूंचंही तेच. त्यांच्यासाठी रीतसर शिक्षण आहे. केंद्रीय आरोग्य गुप्तवार्ता विभाग, नाव मोठं भारी आहे, दिल्लीला आणि पुदुच्चेरीला मेडिकल रेकॉर्डचे अभ्यासक्रम चालवतो. पण बैठकीत त्यांना खुर्ची असते का? फाइल आणून देतात आणि दाराशी उभे राहतात.

म्हणून परिषद भरवणाऱ्यांना आम्ही एक पत्र लिहिलं आहे. मागणी छोटी आहे. वक्त्याच्या परिचयात पदव्या असू द्या, पदं असू द्या, फक्त एक ओळ वाढवा: यांनी रुग्णाची नोंद स्वतःच्या हातानं शेवटची कधी आणि कुठं केली. मोकळी राहिली तर मोकळी छापा. अजून उत्तर आलेलं नाही. आमच्या स्वतःच्या परिचयात ही ओळ आम्ही घातली आहे, आणि तारीख फार जुनी निघाली, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

वेळ होत आला. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत सिस्टरांनी मघाशीच हात वर केला होता, फवारणीचं चाललं होतं तेव्हा. आधी त्या बोलतील.